लिनक्सवरील आवाज आणि आभासी यंत्र
लिनक्सवर आवाज उमटेनासा झाला की बहुतेक जण साउंड कार्डालाच दोष देतात. परंतु यारोस्लाव्ह किसेला यांनी 1998 साली ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी आरंभिलेल्या आणि पुढे 2.6 या कर्नलात कायमपणे रुजू झालेल्या 'अल्सा' या व्यवस्थेत वाहिन्या मुळात मूक ठेवण्याचा प्रघात होता, हे ज्याला ठाऊक असते तो प्रथम 'अल्सामिक्सर' उघडतो. पडद्यावर उभे स्तंभ दिसतात. ज्याच्या तळाशी 'एमएम' ही अक्षरे असतील ती वाहिनी बंद समजावी आणि 'एम' ही कळ दाबावी. एवढ्यानेच कित्येक यंत्रांना कंठ फुटतो, आणि ही गोष्ट नवख्याला आरंभीच कोणी सांगत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

आभासी यंत्राच्या वाट्याला एरवी खरे कार्ड येतच नाही. व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू त्याच्यापुढे इंटेल एचडीए अथवा जुन्या एसी97 कार्डाची प्रतिकृती उभी करतात, आणि तिला दिलेले आवाजाचे नमुने यजमान प्रणालीतील पल्सऑडिओ वा पाइपवायर यांच्या हवाली होऊन मगच खऱ्या कार्डापर्यंत पोहोचतात. सेकंदाला 48,000 नमुने या गतीने 1,024 नमुन्यांचा बफर सुमारे 21 मिलिसेकंदांत रिता होतो. तेवढ्या अवधीत प्रोसेसरवर आभासी यंत्राची पाळी आली नाही, तर आवाज तुटक होतो. बफर वाढवावा, तर विलंब वाढतो. तो गाणे ऐकणाऱ्यास जाणवत नाही, मात्र वादन मुद्रित करणाऱ्यास फार जाचतो. अशाने यूएसबी कार्डच आभासी यंत्राच्या स्वाधीन करावे. तेवढा काळ यजमानाचा त्यावरील ताबा सुटतो.