पैसे भरले की मेडिकलची सीट पक्की?

नीटचा निकाल लागला की जालन्यात एक वाक्य महिना-दीड महिना कानावर पडत राहतं : “मार्कांचं टेन्शन घेऊ नका, सीट पक्की करून देतो.” अंबडला जा, भोकरदनला जा, मंठ्याला जा, वाक्य तेच, बदलतो तो फक्त रकमेचा आकडा. आणि हे खरं मानणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांत शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, मोसंबीच्या बागेवर लेकरं शिकवणारे शेतकरी आहेत. त्यांची समजूत अशी की मॅनेजमेंट कोटा म्हणजे संस्थाचालकाच्या मर्जीतल्या जागा. ओळख काढायची, ॲडव्हान्स द्यायचा, मग नीटला किती पडले हे कोण विचारतो? हे मी इतक्या वेळा खोडून काढलंय की आता संताप येतो. तरी पुन्हा सविस्तर सांगतो, कारण दरवर्षी या एका समजुतीपायी कोणाचं तरी वावर विकलं जातं.

एमबीबीएसची एकही जागा आज नीटशिवाय मिळत नाही. सरकारी नाही, खासगी नाही, अभिमत विद्यापीठातली नाही, अल्पसंख्याक संस्थेतलीही नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीटचा मार्ग मोकळा केला, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ती कायद्यातच बांधली, आणि २९ एप्रिल २०२० रोजी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही सूट नाकारली. एम्सची वेगळी परीक्षा असते, असं अजूनही कोणी सांगत असेल तर ती २०२० पासून बंद आहे.

आता मॅनेजमेंट कोटा. महाराष्ट्रातल्या खासगी मेडिकल कॉलेजांत साधारण ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून आणि १५ टक्के संस्थेच्या कोट्यातून भरतात. या १५ टक्क्यांची फी जास्त असते, हे खरं. पण त्याही जागांचा अर्ज मुंबईच्या सीईटी सेलकडेच करावा लागतो आणि त्याही नीटच्या क्रमवारीनेच भरतात. अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते. कोणाला कुठलं कॉलेज मिळालं याची यादी जाहीर होते, कोणालाही वाचता येते. या साखळीत एजंटाने हात घालावा अशी जागाच नाही. जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर कमी गुणांवर महागडी जागा मिळू शकते, एवढंच त्यातलं सत्य. आणि ती जागासुद्धा तुम्ही स्वतः पसंतीक्रम भरून, स्वतःच्या रँकवर घेता.

मग एजंट चालतो कसा? हे समजून घेणं फार गरजेचं आहे. तो पात्र ठरलेल्या दहा मुलांच्या घरी जातो आणि दहाही जणांकडून ॲडव्हान्स घेतो. फॉर्म भरून देतो, पसंतीक्रम लावून देतो. दहांपैकी दोघा-तिघांना त्यांच्याच गुणांवर कुठल्या तरी फेरीत कॉलेज मिळतं. त्या घरांतून एजंटाचा जयजयकार होतो आणि पुढच्या वर्षीची गिऱ्हाइकं त्याच घरांच्या शिफारशीवर येतात. उरलेल्यांना तो “या वर्षी कटऑफ फार वर गेला” म्हणतो, थोडी रक्कम कापून बाकीची परत करतो, किंवा करतच नाही. मुलगी स्वतःच्या मेहनतीने लागली आणि तिच्या बापाने तिसऱ्याच माणसाला पैसे दिले, हे त्या घराला शेवटपर्यंत कळत नाही.

अंबड तालुक्यातल्या एका वडिलांनी मला अशा व्यवहाराची पावती दाखवली होती. वहीचं फाडलेलं पान. त्यावर कॉलेजचं नाव नाही, एमबीबीएस हा शब्द नाही, शिक्का नाही. “हातउसने घेतले” एवढंच, खाली रक्कम आणि एक वळणदार सही. “भाऊ, यावर प्रवेशाचा उल्लेख कुठंय?” असं विचारलं तर म्हणाले, “तसं लिहीत नसतात म्हणे, कायद्याचा लोचा होतो.” लोचा होतो हे अगदी बरोबर. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्याला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून तर कागदावर हातउसने येतं, म्हणजे उद्या तक्रार करायची वेळ आली तर तुमच्या हाती फक्त उसनवारीचा वाद उरतो.

बरं, समजा एखाद्या कॉलेजने नियम डावलून प्रवेश दिलाच, तर? उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजने २०१६-१७ मध्ये केंद्रीय समुपदेशनाबाहेर ६७ विद्यार्थ्यांना घेतलं. जानेवारी २०१७ मध्येच मेडिकल कौन्सिलने त्यांना काढून टाकायचं पत्र दिलं. मुलं कोर्टात गेली, दरम्यान शिकत राहिली, दुसऱ्या वर्षापर्यंत पोचली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. मुलं नीट पास होती, तरीसुद्धा. पैसे गेले ते गेलेच, ऐन उमेदीची वर्षंही गेली.

जालन्यात या समजुतीला अलीकडे नवं खत मिळालं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात जालना होतं, जागा १००. गावात कॉलेज आलं म्हणजे गावातल्या पुढाऱ्याचा शब्द चालणार, असं लोक गृहीत धरू लागले. त्या शंभरांपैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीहून भरतात आणि ८५ राज्याच्या यादीतून मुंबईहून. कॉलेजच्या हातात उरतं ते कागदपत्रं तपासून मुलाला रुजू करून घेणं. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी मेडिकल कॉलेज आधीपासून आहे, त्यालाही वर सांगितलेले खासगीचेच नियम. आणि मराठवाड्यातल्या कॉलेजांत मराठवाड्याच्या मुलांना ७० टक्के जागा राखीव असतात, ही जुनी माहितीही आता टाकून द्या. ७०:३० चं सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं.

या मोठ्या गैरसमजाचा धाकटा भाऊ दहावीनंतर भेटतो. “आमच्याकडे इंटिग्रेटेडला टाका, कॉलेजला जायची गरज नाही, दोन वर्षांनी मेडिकल नक्की.” मुलाचं नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर, मुलगा मात्र लातूरला, संभाजीनगरला नाहीतर कोटा शहरात दिवसभर क्लासमध्ये. चांगला क्लास शिकवतो, सराव करून घेतो, त्याबद्दल वाद नाही. पण २०२५ ला नीट दिली सुमारे २२ लाख ९ हजार मुलांनी, पात्र ठरली सुमारे १२ लाख ३६ हजार, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरलेल्या दहांतल्या नऊ मुलांना एमबीबीएस मिळणारच नाही, हे गणित कुठल्याही क्लासच्या बॅनरने बदलत नाही.

आणि त्या बदल्यात मूल काय गमावतं? बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला प्रत्येकी ३० गुणांचं प्रॅक्टिकल असतं. ज्याने दोन वर्षांत स्वतःच्या हाताने टायट्रेशन केलं नाही, मायक्रोस्कोपखाली कांद्याची साल पाहिली नाही, त्याच्या जर्नलमध्ये दुसऱ्याच्या वहीतली आकडेवारी उतरलेली असते. मी अशी जर्नलं पाहिली आहेत. शेवटचा दशांशसुद्धा सारखा. मित्र नाहीत, वाचनालय नाही, एखाद्या शिक्षकाने वर्गाबाहेर चार गोष्टी सांगितलेल्या नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे सगळं लागतं. ज्याला मेडिकल मिळालं नाही त्याच्याकडे ते नसतं, आणि ज्याला मिळालं त्याच्याकडेही नसतं. कॉलेजला जाणं म्हणजे वेळ घालवणं, हे पालकांनी बोलून बोलून खरं करून टाकलंय. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

बाकीचे गैरसमज भराभर निपटतो. नीट क्वालिफाय म्हणजे सीट, असं नाही. खुल्या प्रवर्गात पन्नासावा पर्सेंटाइल लागतो, पन्नास टक्के गुण नव्हेत, आणि २०२५ ला तो ७२० पैकी १४४ वर होता. तेवढ्या गुणांवर सरकारी कॉलेजचं स्वप्न कोणी दाखवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. वयाची कमाल मर्यादा २०२२ पासून नाही, त्यामुळे “आता उशीर झाला” म्हणून घाईत पैसे द्यायचं काही कारण नाही. बीएएमएसला नीट लागत नाही? लागते. अकरावी-बारावीला बायोलॉजी नव्हती म्हणून दार कायमचं बंद, हेही २०२३ पासून खरं नाही. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ती देता येते. परदेशात नीटशिवाय डॉक्टर होता येतं, पण भारतात प्रॅक्टिस करायची तर २०१८ पासून नीट पात्रता हवीच. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार इंग्रजी माध्यमातलं किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, तिथेच एक वर्षाची इंटर्नशिप; आणि परतल्यावर एक परीक्षा, तिच्यात ३०० पैकी किमान १५० गुण लागतात. ती बहुतेक सत्रांत तीस टक्के मुलंसुद्धा पास होत नाहीत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येणारी एक गोष्टही ऐकतो : तिकडे म्हणे बारावीलाच मेडिकलची हमी मिळते. काही विद्यापीठांत खरंच मिळते. तिथे एरवी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं मेडिकल असं असतं. मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात ते सहा वर्षांत जोडलेलं आहे, ब्राउन विद्यापीठात आठ वर्षांत. पण ती जागा गुणांवर मिळते आणि बहुतेक ठिकाणी पुढे ठरावीक ग्रेड टिकवल्या तरच राहते. तिथल्या मराठी घरांतही वाद असतोच, की मुलीने हमीची जागा धरावी की चार वर्षं मोकळेपणाने इतिहास, संगीत, गणित शिकून मग ठरवावं. ब्राउनचा अभ्यासक्रम तर मुलांनी इतर विषयही मनापासून शिकावेत म्हणूनच आठ वर्षांचा ठेवलाय. म्हणजे जिथे हमी खरी आहे, तिथेही तिच्यासाठी कॉलेज सोडायला लावत नाहीत.

आपल्याकडे निवड वेगळी आहे. नीटला थोडक्यात हुकलेल्या मुलाने वर्षभर खोलीत कोंडून घ्यायचं, की जालन्यातल्याच एखाद्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा द्यायची? दुसरा रस्ता पूर्णपणे खुला आहे. पुढे मेडिकल लागलं तर बी.एस्सी. सोडता येते, नाही लागलं तर वर्ष हातात असतं. बी.फार्म. आणि कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटी आहे, नर्सिंगची सीईटी वेगळी. बदनापूरला कृषी महाविद्यालय आहे, आणि तिथल्याच संशोधन केंद्राने काढलेली बीडीएन ७११ तूर आपल्याच शेतांत उभी असते. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं आवार २०१८ पासून सुरू आहे.

एक शेवटची गोष्ट, विशेषतः मुलींच्या पालकांसाठी. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देणारा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. ती सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या जागेलाच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातला किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश तिच्यातून स्पष्ट वगळलेला आहे. तेव्हा एजंटाच्या नादाने संस्थेच्या कोट्याचा पसंतीक्रम वर लावण्याआधी तो शासन निर्णय डाउनलोड करून वाचा. मराठीत आहे.