असुरकथांची स्थळे आणि परिसराचा पाठ

आपल्या प्रांतात अनेक डोंगर, कुंडे व सुळके यांच्याशी असुरांच्या कथा जोडलेल्या आहेत. वर्गात असा विषय निघाला म्हणजे शिक्षकापुढे दोन सोपे मार्ग असतात. कथा जशीच्या तशी खरी म्हणून सांगावी, अथवा ती खुळचट म्हणून हसण्यावारी न्यावी. पहिल्या मार्गाने मुलाची जिज्ञासा मिटते. दुसऱ्या मार्गाने, ज्या आजीने ती कथा सांगितली तिच्याविषयी त्याला संकोच वाटू लागतो, आणि पुढे तो घरचे काही वर्गात बोलेनासा होतो. तिसरा मार्ग असा की, कथेत दडलेले निरीक्षण शोधावे.

कळवण तालुक्यातील सप्तशृंग गडाचे उदाहरण घ्या. तेथील डोंगराला आरपार भोक आहे. देवीने महिषासुराचा वध केला तेव्हा तिच्या त्रिशूळाने ते पडले, असे भाविक सांगतात. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हा होय. असा खडक थंड होताना आकसतो व त्यास भेगा पडतात. त्या भेगांत पाणी शिरते, ऊन व वारा आपले काम करितात, आणि कमकुवत भाग झडून खिडकीसारखी भोके पडतात. कथा रचणाराने कारण निराळे दिले खरे; परंतु अखंड कड्यात भोक असणे ही नवलाची गोष्ट आहे, हे त्याने अचूक हेरले होते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे नाव तर लवणासुरावरूनच पडले, असे मानतात. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या असुराच्या विवराचे झाकण उडविले, अशी कथा आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खळगा, भोवती उंचावलेला काठ आणि तळाशी खारे पाणी, हे तेथे प्रत्यक्ष दिसते. लवण म्हणजे मीठ. म्हणजे पाण्याची चवही नावात उतरली आहे. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने हा खळगा झाला, याचा भक्कम पुरावा तेथील खडकांच्या परीक्षणातून १९७३ साली प्रसिद्ध झाला. झाकण उडाल्याची कल्पना आणि उसळलेला खडक यांतील साम्य मुलांना सहज पटेल.

नाव देणारा परका असला तर मात्र निरीक्षण हरवते. अमेरिकेतील वायोमिंग येथे उभ्या खडकस्तंभांचा एक प्रचंड सुळका आहे. त्यावरील रेघा अस्वलाच्या नखांचे ओरखडे होत, असे तेथील आदिवासी सांगत व त्यास अस्वलाचे घर म्हणत. १८७५ साली आलेल्या गोऱ्या पथकाने त्यास ‘सैतानाचा मनोरा’ म्हटले. नकाशावर तेच नाव राहिले. रेघांची खूण मात्र नावातून गेली.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी एवढे करून पाहावे. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून आसपासच्या अशा स्थळांची नावे व कथा विचारून आणण्यास सांगावे. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. एकात ‘लोक काय सांगतात’ व दुसऱ्यात ‘आपण काय पाहिले’ हे लिहवून घ्यावे. पाहणी पायथ्यावरूनच करावी. कड्याच्या धारेशी वा मोहोळाखाली मुलांस नेऊ नये. दोन्ही भाग भरले म्हणजे मुलाची भीती ओसरेल, आणि आजीचा मानही राहील.