फोन आपला, किल्ली कंपनीची

राजधानीतून एखादा आदेश निघावा आणि आठवडा उलटण्याच्या आत तो मागे घेण्याची पाळी यावी, असे क्वचितच घडते. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मोबाईल कंपन्यांना फर्मावले की, ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून द्यावे. विरोधकांनी पाळतीचा आरोप करून रान उठवले आणि ३ डिसेंबरला सरकारने ही सक्ती रद्द केली. नागरिकाच्या फोनमध्ये काय असावे आणि काय नसावे हे सरकारने ठरवू नये, यावर त्या आठवड्यात बहुतेकांचे एकमत झाले. मात्र सरकारने काही दिवसांपुरता जो अधिकार सांगितला, तोच अधिकार फोन बनविणाऱ्या कंपन्या बाराही महिने गाजवीत असतात, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आज देशातील बहुसंख्य फोन अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. या प्रणालीचा गाभा आहे लिनक्स, आणि लिनक्स ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी मिळून ती घडविली आहे आणि १९९२ पासून ती ‘जीपीएल’ या परवान्याखाली दिली जाते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतून आलेल्या या परवान्याची अट सरळ आहे. हे सॉफ्टवेअर वापरा, बदला, विका. परंतु ज्याला विकाल त्याला त्याचा सोर्स कोडही उपलब्ध करून द्या. तो वस्तूसोबत द्यावा, नाही तर मागेल त्याला देऊ अशी किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. फुकट मिळालेल्या गाभ्याची किंमत म्हणून कंपन्यांकडून एवढीच अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात तीही पुरी होत नाही. फोन बाजारात येतो आणि कोड अनेक महिन्यांनी प्रसिद्ध होतो. कधी तो अपुरा असतो, कधी फोनमध्ये प्रत्यक्ष चालणाऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, तर काही कंपन्या तो देतच नाहीत. कॅमेरा, मोडेम आणि ग्राफिक्स चिप चालविणारी सॉफ्टवेअर बहुतांशी या परवान्याच्या बाहेर, बंद स्वरूपात ठेवलेली असतात. त्याउपर बूटलोडरला कुलूप असते. फोन सुरू होताना सर्वप्रथम चालणारा हा प्रोग्राम कंपनीची डिजिटल सही नसलेली कोणतीही प्रणाली चढू देत नाही. त्यामुळे कोड हाती आला तरी तो स्वतःच्याच फोनवर चालविता येत नाही. अमेरिकेतील टिव्हो या कंपनीने आपल्या व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये हाच प्रकार केला होता. त्याला आळा घालण्यासाठी २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती निघाली. परंतु लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ती अट मान्य नव्हती, आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. आजचे कुलूप याच फटीत बसलेले आहे.

हे सारे हौशी तंत्रज्ञांचे भांडण आहे, असे म्हणून मराठी वाचकाला तरी बाजूला होता येणार नाही. अँड्रॉइडच्या पहिल्या काही वर्षांत अनेक फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. घरून आलेला मराठी निरोप वाचण्यासाठी दिल्ली-बंगळूरच्या कित्येक तरुणांनी फोनचे कुलूप काढून त्यात देवनागरीचा फॉन्ट घातला होता. मराठी ही अँड्रॉइडची अधिकृत भाषा झाली २०१४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. कंपनीला जी गरज बाजारपेठ म्हणून दिसत नव्हती, ती वापरणाऱ्यांनी स्वतः भागविली. कारण तेव्हा दार पुरते बंद झालेले नव्हते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा विषय दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. वनप्लस या चिनी कंपनीचा फोन सायनोजेनच्या प्रणालीवर चालत असे. सायनोजेनने भारतापुरते विशेष हक्क मायक्रोमॅक्सला दिले होते. मायक्रोमॅक्सच्या अर्जावरून न्यायालयाने वनप्लसची विक्री थांबविली आणि थोड्याच दिवसांत खंडपीठाने ती बंदी उठविली. वाद नावाचा आणि कराराचा होता. पुढे घडले ते अधिक बोधप्रद आहे. सायनोजेन कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपल्या सेवा बंद केल्या. तथापि तिच्या प्रणालीचा कोड खुला असल्याने स्वयंसेवकांनी तो उचलला आणि ‘लिनिएज’ या नावाने काम पुढे चालू ठेवले. कंपनी गेली तरी फोन चालत राहिले. ज्या फोनचा कोड दडविलेला असतो, त्यांच्या नशिबी ही सोय नसते. कंपनीने पाठ फिरविली की धडधाकट यंत्र सुरक्षेच्या दृष्टीने निकामी ठरते आणि ई-कचऱ्यात जमा होते.

तेव्हापासून दार मिटतच चालले आहे. हुआवेने २०१८ मध्ये कुलूप उघडण्याचे संकेतांक देणे बंद केले. शाओमीने परवानगी आणि प्रतीक्षाकाळाच्या अटी घातल्या आणि पुढे त्या अधिक कडक केल्या. सॅमसंगने २०२५ मध्ये आपल्या नव्या आवृत्तीतून कुलूप काढण्याचा पर्यायच वगळला. खुद्द गुगलने त्याच वर्षी अँड्रॉइडचा सोळावा अवतार प्रसिद्ध करताना आपल्या पिक्सेल फोनसाठी लागणारा तपशील नेहमीप्रमाणे दिला नाही. जो कुलूप काढतो त्याला बँकांची आणि पैसे देण्याची अनेक ॲप दारात उभी करीत नाहीत. भाजीवालाही यूपीआयवर पैसे घेतो अशा देशात ही शिक्षा लहान नव्हे.

कंपन्यांची बाजू सर्वस्वी पोकळ आहे, असे मात्र नाही. कुलूपामुळे चोरीचा फोन सहजी वापरता येत नाही. मधल्या विक्रेत्यांनी घातक सॉफ्टवेअर भरून फोन विकल्याच्या तक्रारी होत्या आणि शाओमीने निर्बंध आणताना तेच कारण दिले होते. पण सुरक्षेसाठी कुलूप हवे, यावरून किल्ली विक्रेत्याकडेच राहावी असे निष्पन्न होत नाही. पिक्सेल फोनवर मालकाला आपली प्रणाली चढवून, आपल्या किल्लीने पुन्हा कुलूप लावता येते. म्हणजे तांत्रिक अडचण फारशी नाही. प्रश्न इच्छेचा आणि हिशेबाचा आहे. जुना फोन पाच-सहा वर्षे नीट चालला तर नवा कोण घेणार?

भारतीय कायदा या बाबतीत ग्राहकाच्या विरोधात नाही. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ मध्ये घातलेले कलम ६५ अ तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा मानते; पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. स्वतःच्या फोनवर स्वतःच्या पसंतीची खुली प्रणाली चढविणाऱ्याचा तसा हेतू असत नाही. उणीव आहे ती अधिकार बजावून घेण्याची. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. अँड्रॉइडच्या बदललेल्या आवृत्त्यांवर फोन काढण्यास कंपन्यांना मनाई करणारे गुगलचे करार आयोगाने दोषी ठरविले. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, परंतु चार निर्देश रद्द केले. आधीच बसवलेली गुगलची ॲप वापरणाऱ्याला काढून टाकता यावीत, हा त्यांपैकी एक होता. थोडक्यात, गुगलपुढे कंपन्यांच्या स्वातंत्र्याची दखल आयोगाने घेतली. कंपन्यांपुढे ग्राहकाच्या स्वातंत्र्याची दखल घेणारे कोणीच नाही.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि मोबाईलचा त्यात समावेश केला. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा याविषयीचा दुसऱ्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. सुटे भाग, अवजारे, माहिती यांबरोबर सॉफ्टवेअरच्या सुधारणा हाही त्यात एक निकष आहे. हे पाऊल स्तुत्य आहे. पण सुधारणा कंपनीनेच द्यायची, हे त्यामागील गृहीत आहे. कंपनी थांबल्यावर दुसऱ्या कोणी द्याव्यात म्हणून कोड आणि किल्ली यांची तरतूद त्या निकषांत नाही. बॅटरी बदलता येईल, पण प्रणाली नाही, हा अर्धाच हक्क झाला.

परदेशात या प्रश्नाने न्यायालयाचा मार्ग धरला आहे. अमेरिकेत सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२१ मध्ये व्हिझिओ या दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या कंपनीवर दावा लावला, तो कोडच्या लेखकाच्या नव्हे, तर ग्राहकाच्या नात्याने. परवान्याचा लाभ विकत घेणाऱ्यालाही मागता येतो, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. भारतात अशी लढाई एकट्यादुकट्या ग्राहकाच्या आवाक्यातील नाही.

ती सरकारच्या आवाक्यात मात्र निश्चित आहे. केंद्राने २०१५ मध्येच आपल्या कारभारासाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले होते. सरकारी खात्यांसाठी हजारो फोन आणि टॅबलेट घेतले जातात. त्यांच्या निविदांमध्ये दोन अटी घालण्यास नवा कायदा लागत नाही: विक्रीच्या दिवशी पूर्ण कोड मिळावा, आणि कंपनीच्या सुधारणा थांबतील त्या दिवशी कुलूपाची किल्ली मालकाच्या हाती यावी. मोठा गिऱ्हाईक बोलला की विक्रेता ऐकतो, हा बाजाराचा जुना नियम आहे. ‘संचार साथी’च्या वेळी सरकारने फोनमध्ये एक वस्तू घालण्यासाठी आपले वजन वापरून पाहिले. फोनवरील नागरिकाचा हक्क त्याला मिळवून देण्यासाठी ते वजन खर्ची पडले, तर तो आदेश मागे घेण्याची पाळी येणार नाही.