विश्लेषण : भोजनगृहाच्या भिंतीवरचा कॅराव्हाजिओ कसा ओळखला गेला?

सन १९९०. डब्लिनमधील जेझुइट धर्मगुरूंच्या निवासातील एका काळवंडलेल्या चित्राची डागडुजी करायची होती. ते पाहायला आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनातील चित्रसंवर्धक सर्जिओ बेनेदेत्ती आले आणि थबकलेच. डच चित्रकार होंटहोर्स्टच्या नावावर असलेले हे चित्र कॅराव्हाजिओचे, दोन शतके बेपत्ता असलेले ‘येशूला अटक’ तर नसेल?

चित्रात काय आहे?

गेथसेमनी बागेतील रात्र. ज्युडास येशूचे चुंबन घेतो. शिपायांसाठी हीच खूण. चिलखतातला हात येशूच्या गळ्यापर्यंत पोहोचला आहे. येशूची नजर खाली, बोटे एकमेकांत गुंफलेली. डावीकडे योहान ओरडत पळतो आहे. बाग जवळपास दिसतच नाही. आहे तो काळोख आणि लोखंडावर चमकणारा उजेड. उजवीकडे कंदील उंचावून डोकावणारा माणूस म्हणजे खुद्द चित्रकार, असे अभ्यासक मानतात. गंमत अशी, की चित्रातला मुख्य उजेड त्या कंदिलाचा नाहीच. तो डावीकडून, वरून येतो.

चित्रकार कोण?

मिकेलांजेलो मेरिसी (१५७१-१६१०). कॅराव्हाजिओ हे त्याच्या कुटुंबाचे गाव. संतांच्या चित्रांसाठीही त्याने साधी, रस्त्यावरची माणसे समोर बसवली. १६०६ मध्ये रोममध्ये त्याच्या हातून खून झाला, तो पळाला आणि ३८व्या वर्षी वारला.

मग नाव कसे हरवले?

रोमच्या मात्तेई घराण्यासाठी १६०२ मध्ये रंगवलेल्या या चित्राचे १२५ स्कूदी मिळाले होते. पुढे कॅराव्हाजिओची चलती ओसरली आणि घराण्याच्या यादीत हे चित्र होंटहोर्स्टच्या नावे लागले. रात्रीच्या दृश्यांसाठी तोही प्रसिद्ध, त्यामुळे कुणाला खटकले नाही. १८०२ मध्ये एका स्कॉटिश जमीनदाराने ते त्याच नावाने विकत घेतले.

डब्लिनला ते कसे आले, ही गोष्ट चटका लावणारी आहे. डॉ. मेरी ली-विल्सन यांचे पोलीस अधिकारी पती १९२० मध्ये आयरिश बंडखोरांच्या गोळीबारात मारले गेले. त्या काळात धीर देणाऱ्या जेझुइटांना त्यांनी १९३०च्या दशकात हे चित्र भेट दिले. ते भोजनगृहात लागले.

खात्री कशी पटली?

बेनेदेत्तींनी तीन वर्षे गुप्तता पाळली. दोन इटालियन संशोधक विद्यार्थिनींना मात्तेईंच्या जुन्या हिशेबवह्यांत चित्रकाराला दिलेल्या पैशांची नोंद सापडली होती. क्ष-किरण तपासणीत ज्युडासचा कान आधी वर रंगवून मग खाली घेतल्याचे दिसले. नक्कल करणारा असे बदल सहसा करत नाही; तो समोरचे उतरवतो.

१९९३ मध्ये चित्र लोकांसमोर आले. जेझुइटांनी ते विकले नाही. मालकी त्यांचीच, मात्र चित्र राष्ट्रीय कलादालनाकडे मुदतीविना उसने दिलेले आहे.