जुना डेस्कटॉप, फोनचे फुटेज आणि हलकी प्रत
(लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण कॅबिनेट उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली आणि ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवर आणली. संगणक आता झटकन सुरू होतो. तरीही फोनवर चित्रित केलेली क्लिप टाइमलाइनवर ठेवून प्ले केली, की चित्र अडखळते, आवाज पुढे जातो आणि माणसाचे ओठ मागे राहतात. बहुतेक जण इथे हात टेकतात आणि नव्या संगणकाचे भाव विचारू लागतात. तो खर्च तूर्त थांबवा, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्यासमोरचा संगणक २०११-१२ च्या सुमाराचा आहे. इंटेलचा दुसऱ्या पिढीतला, चार कोअरचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि ८ जीबी डीडीआर-३ रॅम. कार्यालयांतून निघालेले असे डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुन्या मालात मिळतात. क्लिप कापणे, जोडणे, मागेपुढे सरकवणे या कामांसाठी त्याची ताकद पुरेशी आहे. त्याला दम लागतो तो फोनची फाइल उलगडताना.

थोडे गणित करू. १९२० गुणिले १०८० बिंदूंची एक फ्रेम, प्रत्येक बिंदूला तीन बाइट. म्हणजे एका फ्रेमला सुमारे ६.२ एमबी. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर एका मिनिटाला ११ जीबीहून अधिक जागा लागेल. प्रत्यक्षात आयफोन एच.२६४ प्रकारात तेच मिनिट साधारण १३० एमबीत बसवतो आणि एचईव्हीसी प्रकारात ६० एमबीत. एवढी काटकसर होते, कारण पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवले जाते. मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या किंवा नंतरच्या चित्रापेक्षा काय बदलले, एवढीच नोंद असते. बँकेच्या पासबुकात जमा-खर्चाच्या ओळी आहेत, पण शिल्लक मात्र महिन्यातून एकदाच लिहिली आहे, असे समजा. १७ तारखेची शिल्लक हवी असेल तर मागे जाऊन एकेक ओळ मोजत यावी लागेल. टाइमलाइनवर तुम्ही मधेच कुठेतरी क्लिक करता, तेव्हा प्रोसेसर नेमके हेच करत असतो. दोन क्लिप एकावर एक असतील तर हा हिशेब दुप्पट.

एचईव्हीसीची बेरीज-वजाबाकी तर आणखी किचकट. हे मानक २०१३ मध्ये आले, म्हणजे आपल्या प्रोसेसरनंतर. एच.२६४ उलगडणारी खास यंत्रणा या चिपमध्ये आहे, एचईव्हीसीसाठी नाही. इंटेलने ती सहाव्या पिढीपासून, २०१५ मध्ये दिली. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे आणि तो फोनमध्येच करायचा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. अँड्रॉइड फोनमध्ये एचईव्हीसी किंवा एच.२६५ असा पर्याय दिसला तर तो बंद करा. आणि अंतिम व्हिडिओ १०८०मध्येच द्यायचा असेल, तर फोर-केमध्ये चित्रित करायचा हट्ट सोडा.

दुसरा उपाय या लेखांकाचा गाभा आहे. फुटेजची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, तयार करायची, सगळे संकलन तिच्यावर करायचे आणि शेवटच्या रेंडरला सॉफ्टवेअरने तिच्या जागी मूळ फाइल वापरायची. यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. वॉल्टर मर्च यांनी २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ अॅपलच्या पॉवर मॅक जी-४ संगणकांवर, फायनल कट प्रोमध्ये संकलित केला. चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झाले होते. संगणकात होत्या त्या फिल्मच्या कमी दर्जाच्या डिजिटल प्रती. आज ते संगणक आपल्या डेस्कटॉपपुढेही दुबळे ठरतील. त्या संकलनाला ऑस्करचे नामांकन मिळाले. कट कुठे घ्यायचा, हे ठरवायला प्रत्येक बिंदू लख्ख दिसावा लागत नाही.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय आहे. शॉटकटमध्ये ‘कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली’ असाही पर्याय आहे. त्यातून निघणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. अशी फाइल मूळ फाइलपेक्षा मोठी झाली तर घाबरू नका. उदाहरणार्थ, व्यावसायिक संकलनात वापरला जाणारा डीएनएक्सएचडी ३६ हा प्रकार मिनिटाला सुमारे २७० एमबी घेतो, तासाला १६ जीबी. पण सेकंदाचा हिशेब केला तर हे फक्त ४.५ एमबी. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कलाही ते जड नाही आणि प्रोसेसरला मागे जाऊन बेरीज करावी लागत नाही.

या रूपांतराचा आणखी एक मोठा फायदा कीर्तन, व्याख्यान किंवा एकांकिका चित्रित करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. फोन फ्रेमचा वेग कायम ठेवत नाही. उजेड कमी झाला की तो वेग बदलतो. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज मग तासाभराच्या कार्यक्रमात हळूहळू ओठांपासून सुटत जातो. रूपांतर करताना फ्रेमरेट स्थिर निवडला, की ही डोकेदुखी बहुतांशी जाते.

आवाजाच्या कामात तर हा जुना संगणक अजूनही भरभक्कम आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतो. असे वीस ट्रॅक एकदम वाजवले तरी सेकंदाला ३ एमबीसुद्धा होत नाहीत. ऑडॅसिटी किंवा रीपर इथे आरामात चालते. लक्ष द्यायचे ते बफरकडे. गाणारा हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकत रेकॉर्ड करत असेल, तर बफर १२८ सॅम्पलचा ठेवा. त्याने केवळ २.७ मिलिसेकंदांची भर पडते. मिक्सिंगला बसलात की तो १०२४ करा. तेव्हा २१ मिलिसेकंदांचा उशीर कुणाला खटकत नाही आणि प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते. रेकॉर्डिंगमध्ये सतत घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी घरातले अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा तो आवाज असतो. मदरबोर्डवरच्या माइकच्या खाचेऐवजी साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरला, तरी मोठा फरक पडतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर रॅम १६ जीबी करा. ग्राफिक्स कार्डाच्या मागे आधी लागू नका. शॉटकट आणि केडेनलाइव्ह मुख्यतः प्रोसेसरवरच चालतात. डाविंची रिझॉल्व्हची भिस्त मात्र ग्राफिक्स कार्डावर असते, त्यामुळे या संगणकावर त्याचा नाद नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ एवढ्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. संकलनासाठी हा संगणक इंटरनेटपासून दूर ठेवा, नाहीतर उबंटू स्टुडिओ बसवा. केडेनलाइव्ह, आर्डोर आणि ऑडॅसिटी त्यात मिळतात.

शेवटचा रेंडर मात्र वेळ घेणारच. तो रात्री लावा आणि यूपीएसशिवाय लावू नका. पुढच्या आठवड्यात पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज रेकॉर्डिंगमधून कसा काढायचा ते पाहू. तोवर एक काम जरूर उरका: मूळ फुटेजची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ठेवा. हलकी प्रत गेली तर पुन्हा करता येते, मूळ गेले तर परत मिळत नाही.