टरटर करणारा प्रिंटर बाद झालेला नाही

गळीत हंगाम सुरू झाला की कराडपासून वाळव्यापर्यंत कुठल्याही वजनकाट्याच्या खिडकीपाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "जग कुठं चाललंय आणि आमचा कारखाना अजून टरटर प्रिंटरवर!" बोलणाऱ्याच्या घरी बहुधा नवा लेझर प्रिंटर असतो. वाक्याला दोन शेपट्याही जोडलेल्या असतात. एक, संचालक मंडळ चिकट आहे. दुसरी, काटामारी करायला असली जुनी मशिनं बरी पडतात. सांगलीच्या मार्केट यार्डात आडत्याच्या गादीवर आणि जिल्ह्यातल्या पतसंस्थांमध्येही हाच सूर. डॉट मॅट्रिक्स म्हणजे मागासलेपण, लेझर म्हणजे प्रगती, विषय संपला.

विषय संपत नाही. आधी आलेलं यंत्र बाद झालेलंच असतं, हे गणित इथं लागू पडत नाही. डॉट मॅट्रिक्स १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये आला. झेरॉक्स कंपनीचा अवाढव्य लेझर प्रिंटर १९७७ साली बाजारात आला आणि १९८४ च्या एचपी लेझरजेटपासून तो टेबलावर मावू लागला. पण लेझरनं डॉट मॅट्रिक्सचं सगळंच काम काढून घेतलं नाही. एक काम त्याला जमतच नाही. ते म्हणजे कागदावर ठोका मारणं.

इंकजेट कागदावर शाईचे सूक्ष्म थेंब फेकतो. लेझर स्थिर विजेच्या जोरावर प्लॅस्टिकची भुकटी कागदावर बसवतो आणि उष्णतेनं ती वितळवून चिकटवतो. दोघांचाही परिणाम वरच्या एकाच कागदावर. डॉट मॅट्रिक्सच्या हेडमध्ये नऊ किंवा चोवीस बारीक पिना असतात. त्या रिबनवर आदळतात आणि तो दणका खालच्या कागदांपर्यंत पोचतो. कागद कार्बनलेस असतील तर वरच्या कागदाच्या पाठीवरच्या सूक्ष्म कुप्या फुटतात आणि खालच्या कागदावरही अक्षर उमटतं. एप्सनचा एलएक्स-३१० हे सर्रास दिसणारं मॉडेल. मूळ प्रत आणि खाली चार, अशा पाच प्रती एका दमात निघतात, असं कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे.

आता काट्यावर काय होतं ते पाहा. उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन घेतलं जातं, गाडी गव्हाणीत रिकामी होते, रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि निव्वळ वजनाची पावती निघते. गाडी नंबर, खेप, तारीख, वेळ, वजन. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला तो कागद ऑपरेटर फाडतो आणि प्रती वाटतो : ऊसवाल्याला एक, वाहतूकदाराला एक, कारखान्याच्या दप्तराला एक. तिन्हींवरचा आकडा एकाच ठोक्यातून आलेला असतो.

"मग लेझरवर तीनदा छापा की!" हे उत्तर मला इतक्यांदा मिळालंय की आता चीड येते. अहो, तीनदा छापणं म्हणजे तीन वेगळ्या छपाया. पहिली आत्ता, दुसरी दहा मिनिटांनी, तिसरी संध्याकाळी, आणि मधे आकडा बदलला तर कागद बघून कळायचंही नाही. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. एकाच प्रक्रियेतून एकत्र तयार झालेल्या प्रती एकमेकींच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा ठरतात. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ६२ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ५७ मध्ये आहे. कार्बन प्रत या व्याख्येत बसते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली हिमाचलमधल्या एका खटल्यात म्हटलं होतं. म्हणजे ज्या टरटर मशिनवर काटामारीचा संशय घेतला जातो, त्याच्या पावतीत मागाहून फेरफार करणं उलट अवघड.

काटामारी होतच नाही, असं मी म्हणत नाही. ती होत असेल तर काट्यात किंवा संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये होईल. प्रिंटर बिचारा मिळालेला आकडा छापतो. संशय असेल तर खेप आधी बाहेरच्या काट्यावर तोलून घ्या, वैधमापन खात्याकडं तक्रार करा. प्रिंटर बदलून वजन वाढत नाही.

चिकटपणाचा आरोपही टिकत नाही. नवा डॉट मॅट्रिक्स आज साध्या लेझरपेक्षा बऱ्याचदा महागच पडतो. स्वस्त पडते ती रिबन. तिच्यातून सुमारे ४० लाख अक्षरं निघतात, असं कंपनी सांगते. आणि ती एकदम दगा देत नाही, हळूहळू फिकी होते. पहाटे तीनला गाडीतळावर रांग लागलेली असताना याचं मोल कळतं. लेझरच्या आतल्या आरशावर भुशाची धूळ बसली की छपाई पुसट येते. त्याचा हीटर तापताना शेकडो वॅट ओढतो, म्हणून छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर त्याला जोडू नये. डॉट मॅट्रिक्सला असले लाड लागत नाहीत.

मार्केट यार्डातली गोष्टही फार वेगळी नाही. हळद असो वा बेदाणा, जीएसटीच्या नियम ४८ प्रमाणे मालाचं बीजक तीन प्रतींत करावं लागतं : घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि विकणाऱ्याची. आणि बँकेचं पासबुक? शिवलेलं, जाड, मधे घडी पडलेलं ते पुस्तक लेझरच्या तापलेल्या रुळांतून सरकवून दाखवावं कुणीतरी.

दोष आहेतच. आवाज डोकं उठवतो. नऊ पिनांत आपली वेलांटी, रफार, जोडाक्षरं नीट मावत नाहीत, म्हणून पावतीवरची नावं बहुधा इंग्रजी कॅपिटलात येतात. 'ळ'चा पार चेंदामेंदा. आणि शेतकऱ्याच्या हाती अनेकदा तळाची पुसट प्रत पडते. ही तक्रार रास्त आहे, पण त्यावर "रिबन बदला" हे उत्तर चुकीचं. कार्बनलेस कागदाच्या खालच्या प्रतीला रिबन लागतच नाही, ती निव्वळ दाबावर उमटते. वरची प्रत फिकी आणि खालची ठळक असेल तर दोष रिबनचा. वरची ठळक आणि खालची फिकी असेल तर कागदाच्या जाडीचा लिव्हर चुकीच्या खुणेवर आहे, किंवा हेड झिजलंय. लिव्हर हलवायला पैसे पडत नाहीत. ऑपरेटरला सांगा.

बाकीचे समज भराभर. लेझर किरण कागद भाजतो : नाही, किरण आतल्या ड्रमवर पडतो आणि तो अगदी क्षीण असतो, कागद गरम लागतो तो हीटरमुळं. पावसाळ्यात लेझरमधून धूर येतो : महाबळेश्वर-पाटणच्या हवेत दमट झालेल्या कागदाची ती वाफ असते, रीम पिशवीत बंद ठेवा. काडतुसावर २००० पानं लिहिलंय म्हणजे २००० मिळणारच : तो आकडा ठरावीक चाचणी-पानांवरचा आहे, साधारण ५ टक्के काळोखी धरून, लग्नपत्रिकेचं डिझाइन काढलंत तर कितीतरी आधी संपेल. इंक टँक म्हणजे खर्च शून्य : रोज छापणाऱ्याला तो खरोखर स्वस्त पडतो, पण महिनाभर बंद राहिला तर नोझल सुकतात आणि साफसफाईतच शाई जाते. सातबारा लेझरवर काढलेलाच चालतो : डिजिटल सहीच्या उताऱ्याची खातरजमा पडताळणी क्रमांकावरून होते, प्रिंटर कुणी विचारत नाही.

पुराचा एक समज मात्र अर्धा खरा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून "इंकजेटचा कागद भिजला की गेला" असं म्हणतात. डाय शाई पसरते, हे खरं. पिगमेंट शाई बऱ्यापैकी टिकते आणि काही टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते; विकत घेताना विचारा. लेझरची अक्षरं प्लॅस्टिकची असल्यानं पाण्याला दाद देत नाहीत.

खरी भीती थर्मल पावतीची बाळगायला हवी, आणि तिचंच कुणाला काही वाटत नाही. एसटीचं तिकीट, पेट्रोल पंपाची पावती, काही खासगी काट्यांची चिठ्ठी : यांत शाईच नसते. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेनं काळा होतो, एवढंच. ऊन, तेलकट बोटं आणि पाकिटाचं मऊ प्लॅस्टिक यांनी तो उडतो. जपून ठेवायची म्हणून लोक ती प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घालतात आणि वर्षभरानं कोरा कागद बाहेर काढतात. काही जण लॅमिनेशनला देतात. तिथल्या उष्णतेनं अख्खी पावती काळी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या, आणि मूळ पावती साध्या कागदी पाकिटात ठेवा.