पंप नसलेली कारंजी

रोमच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर तिवोली हे डोंगरउतारावरचं गाव आहे. तिथल्या ‘व्हिला देस्ते’च्या बागेत पाऊल टाकण्याआधीच कानांवर आवाज येतो, पाण्याचा! पन्नासेक कारंजी, शेकडो धारा, आणि मुळात हे सगळं उभं राहिलं ते एकाही पंपाशिवाय. वीज यायला तेव्हा आणखी तीनशे वर्षं होती. मग पाणी एवढं उंच उसळायचं कसं?

१५५० साली कार्डिनल इप्पोलितो देस्ते तिवोलीचा कारभारी झाला. पोप होण्याची त्याची धडपड फळाला आली नाही, पण त्याच्याकडे पैसा होता आणि पिर्रो लिगोरिओसारखा कल्पक वास्तुकार होता. गावाला लागून आनिएने नदी वाहते. तिचं पाणी गावाच्या खालून बोगदा खणून बागेच्या वरच्या अंगाला आणलं. पुढचं काम उताराचं! बंद नळातून पाणी दहा मीटर खाली आलं की दाब जवळपास एका वातावरणाइतका वाढतो. नळाचं तोंड निमुळतं करून वर वळवलं की धार सुसाट सुटते. बास, एवढंच. वरच्या टप्प्यावर खेळलेलं पाणी खालच्या टप्प्यावर पुन्हा कामाला लागतं.

पण खरी कमाल पुढे आहे. इथलं एक कारंजं चक्क ऑर्गन वाजवतं!

मोरीच्या जाळीतून पाणी भोवरा करत जाताना गुडगुड ऐकलीय ना? पाणी सोबत हवाही ओढून नेत असतं. इथेही तसंच होतं. जोरात कोसळणारं पाणी हवेला घेऊन एका बंदिस्त कोठीत शिरतं. पाणी तळाशी राहतं, हवा वर कोंडते आणि वाट मिळेल तशी ऑर्गनच्या नळ्यांकडे धावते. म्हणजे भाता झाला पाण्याचाच. मग वाजवणारा कोण? तोही पाणीच! दुसरा प्रवाह एक चाक फिरवतो, चाकामुळे दात बसवलेला दंडगोल फिरतो, आणि एकेक दात ठरलेल्या क्षणी ठरलेली पट्टी दाबतो. गाणं त्या दातांच्या मांडणीत लिहिलेलं असतं. सोळाव्या शतकात, विचार करा!

बागेतल्याच दुसऱ्या एका कारंज्यात धातूचे पक्षी किलबिल करायचे, मग घुबड पुढे यायचं आणि सगळे चिडीचूप. ही युक्ती तर त्याहून कितीतरी जुनी, पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनची. फ्रेंच लेखक मोंतेन १५८१ साली इथे आला, तेव्हा त्याने ऑर्गन आणि घुबड या दोन्हींची आपल्या रोजनिशीत नोंद केली.

पुढे देखभालीअभावी ऑर्गन मुका झाला. २००३ मध्ये दुरुस्ती झाली आणि आता तो दिवसातून ठरावीक वेळी पुन्हा वाजतो. रोमला गेलात तर एक दिवस तिवोलीसाठी राखून ठेवा, आणि ऑर्गनची वेळ आधी विचारून घ्या.